मुरलेलं पाणी

दैवशालाबाईंच्या हातून घासून निघालेल्या भांड्यात तोंड बघावं. जाफराबादेकडच्या त्यांच्या गावात कुणालाही विचारा, हेच सांगेल. पितळी तांब्या असो, चुलीवरची काळीठिक्कर कढई असो की शेजारणीच्या पोराचे कान असोत, हाताला जे लागेल ते बाई रगडून काढायच्या. रगडताना तोंडही चालू असायचं, त्यामुळे कढईपेक्षा माणसंच जास्त घाबरायची.

पाण्याचं तर विचारूच नका. कालची भाकर त्या दह्यात कुस्करून आनंदानं खातील, पण कालचं पाणी? बिलकुल नाही! शिळं झालं म्हणे. आता पाणी काय आमटी आहे का शिळं व्हायला? पण एकट्या बाईंना बोलून काय उपयोग? जालन्यात नळ येईल त्या दिवशी कुठल्याही गल्लीत उभं राहून बघा. जिथं आठ-आठ, दहा-दहा दिवस नळाची वाट बघतात, तांब्या-तांब्यासाठी जावा-जावा बोलत नाहीत, तिथंच नळाला सूं आवाज झाला की कालपर्यंत जिवापाड जपलेलं पाणी भडाभडा मोरीत ओततात आणि ताजं भरतात. या शहाणपणाला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा.

तर अशा या दैवशालाबाई गुडघ्याचं ऑपरेशन करायला म्हणून दिवाळीनंतर जालन्याला लेकाकडं आल्या. लेक अंगद एका बियाण्याच्या कंपनीत, गावोगाव फिरतीवर. सून शालू बँकेत. शालू जालन्याचीच, कोर्टातल्या कारकुनाची लेक, बोलणं मोजकं आणि आवाज खालचा. सासूच्या ऑपरेशनला तिनं रजा काढली, अंघोळ घातली, हाताला धरून चालवलं, आणि कुठं बोलून दाखवलं नाही. बाईंना याचंच ओझं झालं. उपकार करून वर दोन शब्द ऐकवणारी सून परवडते हो, फेडाफेडी होते. ही अशी मुकी पोर, हिचं फेडायचं कसं?

त्या घराच्या हॉलमध्ये माशांची पेटी होती. बाईंनी अशा पेट्या दवाखान्यात बघितलेल्या. आत प्लास्टिकचा राजवाडा, वर झाकणाला लटकलेला बल्ब आणि तोंड उघडझाप करणारे दोन कंटाळलेले मासे. म्हणून पहिल्या दिवशी त्यांनी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळे कामाला गेल्यावर काठी टेकत टेकत तिथवर गेल्या, स्टूल ओढलं, आणि बसल्या त्या बसल्याच.

अहो, आत रान होतं! खरंखुरं, मुळावर उभं असलेलं. पुढं हरळीसारखं बारीक गवत, मागं माणसाच्या करंगळीएवढ्या पानांची दाटी, एका लाकडाला मखमलीसारखं काहीतरी चिकटलेलं, आणि त्यातनं ठिणग्यांसारखे मासे फिरत होते. काचेच्या आतलं पाणी इतकं नितळ की पाणी आहे हेच कळू नये. मधोमध एक रोप होतं, लांबट पानांचं, पानांचे काठ चुरगळल्यासारखे, वरून हिरवं नि खालून तांबूस. "देवा, तुझी बी कमाल हाये," बाई मोठ्यानं म्हणाल्या. उभा जन्म कपाशीत आणि सोयाबीनमध्ये गेला, पण बुडालेलं रान जिवंत राहतं हे त्यांनी आजच बघितलं होतं.

संध्याकाळी शालूनं त्या मधल्या रोपाकडं बोट दाखवलं. "ते बाबांचं हाये, आई," एवढंच म्हणाली. बाबा म्हणजे गिरिधरराव, तिचे वडील, बाईंचे व्याही. बाईंच्या भाषेत इवाई. दोन वर्षांपूर्वी वारले.

संक्रांत झाली. बाईंचा गुडघा वाकायला लागला, काठी सुटली. आणि एका सकाळी, अंगद-शालू कामावर गेल्यावर नळाला सूं आवाज आला.

बाईंनी हंडे उपडे केले, बादल्या उपड्या केल्या, पिंप घासलं. सगळं ताजं भरून झालं तरी नळ चालूच. अशा वेळी त्यांच्या अंगात येतं. नजर फिरली ती पेटीवर. पाण्यात बारीक कचरा तरंगत होता, मागच्या काचेला हिरवट झाक होती, आणि महिन्या-दोन महिन्यांत हे पाणी पुरतं बदललेलं त्यांनी बघितलंच नव्हतं. शालू आठवड्याला बादलीभर काढायची आणि तेवढंच घालायची. बिचारीला टाइम कुठं मिळतो! बाईंना वाटलं, फेडायची हीच वेळ आहे.

मासे पातेल्यात काढले. पाणी मगानं उपसलं. रोपं उपटून परातीत ठेवली. तळाची खडी घमेल्यात घेऊन तांदूळ धुतात तशी धुतली, पाणी नितळ निघेपर्यंत. फिल्टरच्या डब्यातला स्पंज काढला तर तो काळाकुट्ट, चिखलानं भरलेला. "या माय, केवढी घाण!" म्हणून तो नळाच्या धारेखाली पिळून पिळून नव्यासारखा केला. काचा काथ्यानं घासल्या. मग रोपं लावली, अगदी मिरचीची लावतात तशी बराबर ओळीत. ताजं पाणी ओतलं. त्याला ब्लीचिंगचा वास येत होता, पण तो तर स्वच्छतेचाच वास. हात पुसून बाई सुनेची वाट बघत बसल्या, शाबासकीसाठी. खरंच शाबासकीसाठी!

शालू आली तेव्हा निम्मे मासे उलटे झाले होते.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पण तिनं पर्स खाली ठेवली, मेलेले मासे जाळीनं काढले, पाण्यात कसले तरी थेंब टाकले आणि आत जाऊन चहा ठेवला. सासूलाही दिला. आता या मुक्या स्वभावाला काय करावं? चार शब्द बोलली असती तर पुढचा निम्मा घोळ टळला असता. पण घरात आलेल्या म्हाताऱ्या माणसाला उलट बोलायचं नाही, हे कोर्टातल्या कारकुनानं लेकीला नको तितकं चांगलं शिकवलं होतं.

चार-सहा दिवसांत इवायांचं रोप विरघळायला लागलं. सुकलं नाही हो, विरघळलं! पानं काचेसारखी पारदर्शक झाली, मग बुळबुळीत, मग देठासकट गळून पडली. तळाशी नुसता एक बोडका ठोंब राहिला. आणि शेवाळ आलं. आधी सगळ्यावर तपकिरी साय धरली. बाईंनी विचार केला, रोपाला ऊन पाहिजे, उन्हाबिगर काय जगतं? म्हणून त्या खिडकीचा पडदा दिवसभर उघडा ठेवू लागल्या, वरचा दिवाही बंद करीनात. उरलेले मासे अशक्त दिसतात म्हणून भाकरीचा चुरा टाकला, येता-जाता, पाहुण्याला आग्रह करतात तसा. शेवाळाला आणखी काय पाहिजे? उकिरड्याशेजारी भोपळा माजतो तसं माजलं. हिरव्या केसांच्या जटा झाल्या, गवत दिसेना, लाकूड दिसेना, मासे कुठं आहेत ते कळेना. बाई जितकी सेवा करायच्या तितकं ते वाढायचं.

"काय वास सुटला घरात!" फिरतीवरून आलेला अंगद म्हणाला. "येत्या रविवारी ही पेटी रिकामी करून टाकतो. तिथं चपलांचं कपाट बसंल." शालू उठून स्वयंपाकघरात निघून गेली.

बाई मागोमाग गेल्या. शालू ओट्यापाशी पाठमोरी उभी होती आणि तिचे खांदे हलत होते.

"शालू, इकडं बघ. मला शिव्या दे, हाताला धरून बाहीर काढ, पर अशी मुकी राहू नको, माय. काय चुकलं माझं?"

"काही न्हाई, आई."

"न्हाई कसं? धडधडीत दिसून राह्यलं ना!"

तेव्हा कुठं पोर बोलली. "मी चौथीत असताना बाबांनी ते रोप आणलं होतं. कोर्टातून आले की चहा घ्यायच्या आधी त्याच्यापुढं बसायचे. ते गेल्यावर घर विकलं, सामान वाटलं. मी काहीच मागितलं न्हाई. तेवढं एक रोप ओल्या रुमालात गुंडाळून आणलं. बाबांच्या हातचं तेवढंच राह्यलं होतं, आई."

"पर मी तर निस्ती साफसफाई केली गं," बाई कशाबशा म्हणाल्या.

शालूनं डोळे पुसले. "आई, विरजण कसं लावता तुम्ही?"

"कसं म्हंजे? कालचं दही चमचाभर राखायचं, त्यात दूध..."

"आन ते राखलेलं दही कुणी घाण म्हणून धुऊन टाकलं, गाडगं लख्ख घासलं, आन मंग दूध ओतलं तर?"

"तर कसलं दही लागतंय? दूध नासंल!"

"तसंच झालं. त्या काळ्या स्पंजात, त्या खडीत बारीक जीव असतात. डोळ्याला न दिसणारे. माशांची घाण ते खातात, पाणी त्यांच्यामुळं चांगलं राहतं. महिनोन् महिने लागतात ते वाढायला. ब्लीचिंगच्या पाण्यानं ते मेले. घाण तशीच राह्यली, रोपं मलूल झाली, आन सगळं खत शेवाळाला मिळालं. वरून ऊन, वरून भाकर. ते पाणी शिळं नव्हतं, आई. मुरलेलं होतं."

बाई खुर्चीवर टेकल्या. विरजणाच्या गाडग्याला हात लावू देत नसत त्या कुणाला, लग्न होऊन आलेल्या नव्या जावेलासुद्धा! आणि स्वतःच्या हातानं... "अगं माय, सगळं विरजणच मोरीत ओतलं की मी!" त्यांना एकच गोष्ट सुचत होती. उभा जन्म ज्याला चिखल म्हणून रगडून काढलं, त्यात कुणी राहत होतं. दिसत नव्हतं, आवाज नव्हता, आणि अख्खं रान त्या बारीक जिवांवर उभं होतं. लोणचं मुरतं हे त्यांना ठाऊक होतं. पाणी मुरतं हे साठी उलटल्यावर कळलं. त्यांना भीतीच वाटली, आणि त्या भीतीत हात जोडावेसे वाटले.

दुसऱ्या दिवशी शालू तो बोडका ठोंब काढून टाकायला निघाली. बाईंनी तिचा हात धरला. स्वतः बाही सारून पाण्यात हात घातला आणि डोळे मिटून चाचपलं. त्यांचं माहेर शहागडचं, गोदावरीच्या काठचं, उसाचं. ऊस तोडल्यावर रान कसं बोडकं होतं आणि बुडख्यातनं खोडवा कसा फुटतो, हे त्या हातांना पाठ होतं.

"मूळ कडक हाये," त्या म्हणाल्या. "सडलेलं असतं तर पिचलं असतं. ऱ्हाऊ दे. खाली जीव हाये."

"खरंच?"

"शपथ न्हाई घेत. पर ऱ्हाऊ दे."

मग दोघींनी ते रान हाती घेतलं. शालू सांगायची आणि बाई करायच्या, दिवसभर घरी त्याच होत्या ना! पडदा बंद. दिवा अर्धा दिवसच. माशांना चिमूट, तीही एक दिवसाआड. मासे काचेला तोंड लावून मागायचे तेव्हा बाई पाठ फिरवून बसायच्या, इतका जीव तुटायचा. शेवाळाच्या जटा त्या जुन्या दातांच्या ब्रशावर गुंडाळून काढायच्या, वात वळतात तशा, हलक्या हातानं. राधेश्यामच्या माशांच्या दुकानातून शालूनं भराभर वाढणारी झुबकेदार रोपं आणली. "हे बराबर केलं," बाई म्हणाल्या. "रान मोकळं दिसलं की तण शिरतं. पिकानं दाटी केली की दबतं."

अंगदनं मात्र त्याच्या परीनं डोकं चालवलं. एक बाटली घेऊन आला. "आई, हे औषध टाक, चार थेंबांत शेवाळ खलास. जल्दी काम."

"औषध? आपल्या कपाशीचं काय झाल्तं ते इसरला का? शेजाऱ्यानं त्याच्या रानात तणाचं औषध मारलं, वारं आलं, आन आपली पानं पार चिंध्या होऊन गेली. ते काय वळखतं व्हय, तण कोन आन पीक कोन? ठिव ती बाटली तिकडं. आन रविवारचं कपाट बी इसर."

आणि पाण्याचं ऐका. पेटीत घालायचं पाणी आधी बादलीत उघडं ठेवावं लागायचं, ब्लीचिंग उडून जाईपर्यंत. म्हणजे नळाचं ताजं पाणी दैवशालाबाईंनी स्वतःच्या हातानं शिळं करायचं! नळ आला त्या सकाळी शेजारची बेबीनंदा मदतीला म्हणून आली आणि सवयीनं ती बादली उचलून मोरीकडं निघाली.

"ठिव खाली!" बाई अशा गरजल्या की बेबीनंदाच्या हातनं बादली सुटता सुटता राहिली.

"अहो मावशी, शिळं हाये ते!"

"शिळं असंल तुझ्या घरचं. हे मुरायला ठिवलंय."

बेबीनंदा त्यांच्याकडं बघतच राहिली. म्हातारीच्या गुडघ्याबरोबर डोक्याचंही ऑपरेशन झालं की काय, असं तिनं खाली जाऊन कुणाला तरी सांगितलं म्हणतात.

शेवाळ एका दिवसात गेलं नाही. कमी व्हायचं, पुन्हा उसळायचं. बाई चिडायच्या, त्याला नावं ठेवायच्या, पण स्पंज नळाखाली धरायचा मोह झाला की हात मागं घ्यायच्या. काळा स्पंज पेटीतल्याच काढलेल्या पाण्यात एकदा हळूच दाबून परत ठेवायच्या. होळी गेली, पाडवा गेला. जटा पिवळ्या पडून आपोआप सुटू लागल्या. पाणी परत दिसेनासं झालं, इतकं नितळ. ठोंब मात्र तसाच, बोडका. शालू रोज बँकेतून आली की आधी तिकडं बघायची आणि मग चपला काढायची. बाईंना ते बघवत नसे. बाकीचं रान हिरवंगार झालं होतं, पण ज्याच्यासाठी केलं तेच नव्हतं.

एका दुपारी बाई ब्रश घेऊन बसल्या असताना पानावरून एक मोती सुटला. चांदीसारखा, टाचणीच्या डोक्याएवढा, वर गेला आणि फुटला. मग दुसऱ्या पानावरून. मग गवतातून माळच सुटली. जिकडं बघावं तिकडं पानापानांतनं बारीक बुडबुडे वर चालले होते. बाईंना वाटलं, पुन्हा काहीतरी बिघडलं. बँकेत फोन लावला.

"आई, काही झालं न्हाई," पलीकडनं शालू हसत होती, किती महिन्यांनी! "पानं श्वास सोडून राह्यलीत. तब्येत चांगली असली की दिसतो."

बाईंनी फोन खाली ठेवला. कपाशीच्या रानात आयुष्य काढलं. ती पानंही अशीच श्वास सोडत असतील, लाखो, करोडो, उभ्या रानभर, आणि आपण त्यांच्यातनं बोलत-भांडत चालत गेलो, आपल्याला पत्ता नाही. त्यांच्या डोळ्यांना धार लागली. पदरानं पुसत त्या काचेजवळ सरकल्या, आणि तेव्हा त्यांना ते दिसलं. ठोंबाच्या कुशीत, सुईच्या टोकाएवढं, तांबूस.

त्यांनी पुन्हा फोन केला नाही. दैवशालाबाईंच्या पोटात गोष्ट राहिली, हा या कथेतला सगळ्यात मोठा चमत्कार समजा! संध्याकाळी शालू आली, तिनं बघितलं, चपला काढायला वाकली आणि तशीच थांबली. परत काचेपाशी गेली. गुडघ्यावर बसली. "बाबा," इतकंच म्हणाली. मग वळून सासूच्या कुशीत शिरली आणि पोटभर रडली. दोन वर्षांत ती अशी रडली नव्हती हे बाईंना तेव्हा कळलं.

मिरुग जवळ आला. पुतण्याचा पेरणीचा निरोप आला आणि बाईंचे पाय गावाकडं ओढायला लागले. तोवर इवायांच्या रोपाला चांगली सहा-सात पानं झाली होती, आणि बुडाला, खडीतून, एक फुटवा वेगळा निघाला होता.

जायच्या सकाळी शालूनं पाण्यात हात घातला, तो फुटवा मुळासकट सोडवला आणि एका मोठ्या बरणीत लावला. वर पेटीतलंच पाणी ओतलं. बरणी तिनं सासूपुढं धरली.

बाई दोन पावलं मागं सरकल्या. "मला नको, माय. माझा हात बघितला ना तू? मी मारलं व्हतं ते."

"जगवलंय बी तुम्हीच," शालू म्हणाली. "न्या. दोन घरी असलेलं बरं."

अंगद म्हणाला, आई, वाटेत सांडंल, पुढच्या खेपेला मी आणतो. त्याच्याकडं कुणी बघितलंही नाही.

जाफराबादच्या जीपमध्ये नेहमीसारखीच दाटी. गाठोडी, बियाण्याच्या पिशव्या, कोंबड्यांची एक टोपली, सगळं टपावर गेलं. बाई खिडकीशी बसल्या, मांडीवर बरणी, दोन्ही हातांचा विळखा. ड्रायव्हरनं आत डोकावून बघितलं. "आजी, ती बरणी द्या इकडं, टपावर बांधतो. तेवढीच एका माणसाची जागा होईल. काय हाये त्यात?"

"इवाई हायेत आमचे," दैवशालाबाई म्हणाल्या. "इवायाला कुठं टपावर बसवतेत व्हय रे?"